साडेचारचा एंगेज टोन

बाबांना दवाखान्यात ठेवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी खारूने माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप घालून दिलं. खारू म्हणजे माझी मुलगी, पंधरा वर्षांची. लहानपणी पेन्सिली, खोडरबर, अर्धी खाल्लेली बिस्किटं कुठेकुठे दडवून ठेवायची आणि विसरून जायची, म्हणून बाबा तिला खारूताई म्हणायला लागले. पुढे ताई गळून गेली, खारू राहिली. मी दिवसचे दिवस दवाखान्यात, नवरा सहा महिन्यांसाठी समुद्रावर, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. पोरगी शाळेतून आली का, क्लासला पोहोचली का, हे दर तासाला फोन करून विचारण्यापेक्षा असं काहीतरी असलेलं बरं, असं मीच म्हटलं होतं. पण ते घालायचं कसं हे मला जमेना. तेव्हा तिने वॉर्डाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दोन्ही फोन मांडीवर घेतले, जिथे जे दाबायचं ते दाबलं आणि माझा फोन परत देत म्हणाली, "हे घे. पण आजोबा घरी येईपर्यंतच हं."

मी हो म्हटलं. सत्तावीस दिवसांनी बाबा गेले. ते घरी आलेच नाहीत, त्यामुळे 'घरी येईपर्यंत' ही मुदत कधी संपते ते ठरवायचं माझ्याकडे राहिलं, आणि मी ते ठरवेना.

आता काढूया ना, असं खारूने मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा जेवताना, तिसऱ्यांदा दारात बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता. तिन्ही वेळा मी पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी एका प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितं वाचते. बाबा गेल्यानंतर पाच-सहा ओळी वाचल्या की माझा अंगठा आपोआप फोनकडे जायचा. नकाशावर निळा ठिपका. खारू शाळेत. खारू बसस्टॉपवर. खारूच्या फोनची बॅटरी बासष्ट टक्के. काळजी होती म्हणून बघत होते असंही नाही. एक माणूस कुठेच सापडणार नाही हे रोज नव्याने कळत असताना दुसरं माणूस नक्की कुठे आहे ते बघून मला पुढची पाच-सहा वाक्यं वाचता यायची, एवढंच.

दवाखान्यात एकदा बाबांनी तो ठिपका पाहिला होता. खारू कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर म्हणून मी फोनच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या धंद्यातला प्रश्न विचारला, की हे कोणत्या खांबावरून कळतं. मी मला समजलं होतं तेवढं सांगितलं. आकाशातले उपग्रह, टॉवर, वगैरे. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

"आपण बघतोय ते तिला माहीत असतं?" त्यांनी विचारलं.

"हो, तिनेच लावून दिलंय."

"मग तिचा मोठेपणा," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. ते दमले असतील असं मला वाटलं.

बाबा टेलिफोन खात्यात लाईनमन होते. आज हा शब्द समजावून सांगावा लागतो. रस्त्यातून तारा जायच्या, तारांना खांब असायचे, आणि कुणाचा फोन बंद पडला की कमरेला चामड्याचा पट्टा बांधून खांबावर चढणारा माणूस म्हणजे लाईनमन. त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असायची. तिच्यात पक्कड, पाने, चिकटपट्टीची गुंडाळी, मेणाचा गोळा आणि डायल असलेला एक काळा हँडसेट. त्या हँडसेटच्या दोन क्लिपा खांबावरच्या डबीतल्या कुठल्याही जोडीला लावल्या की तिथून फोन करता यायचा. आमच्या गावात बाबांना कुठेही, अगदी गटाराच्या कडेलासुद्धा, फोन होता. लोकांच्या घरी तो यायला तीन-तीन वर्षं लागायची.

खात्याने आमच्या घरी दिलेला फोन पॅसेजमध्ये तिपाईवर असायचा. आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, ती सहाला यायची. मी शाळेतून सव्वाचारला यायचे. गळ्यात किल्ली, घरात कुणी नाही. मी सुखरूप पोहोचले का हे बाबांना कळायला हवं होतं, आणि ते तर गावभर खांबांवर. मग घरी फोन करायचा, मी उचलायचा, झालं. इतकं सोपं होतं. पण बाबांच्या लेखी नव्हतं. ते ज्या लाईनला क्लिपा लावत ती कुणा दुसऱ्याची असे. मी फोन उचलला की तो कॉल त्या माणसाच्या नावावर पडणार. आपल्या पोरीची चौकशी लोकांच्या माथी का, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. कॉल जोडलाच गेला नाही तर त्याचं काही लागत नाही. तेव्हा मी घरी आले की बरोबर साडेचारला रिसीव्हर उचलून तिपाईवर बाजूला ठेवायचा आणि चार चाळीसला परत जागेवर. त्या दहा मिनिटांत बाबा असतील तिथून फोन लावणार. एंगेज टोन आला म्हणजे मी घरी. घंटा वाजली म्हणजे मी नाही.

आठव्या वर्षापासून हे चाललं. आई म्हणायची, लोकांच्या घरी फोन बोलायला असतो, आमच्याकडे न बोलायला आहे. आत्याची तक्रार होती की तिला वेळ मिळतो तो नेमका साडेचारला आणि तेव्हा आमचा फोन मेला कायम एंगेज; वहिनी नोकरी करते की नुसत्या गप्पा हाणते, असंही ती एकदा म्हणाली, आणि त्यावरून दोन महिने अबोला झाला. खरं काय ते कुणी तिला सांगितलं नाही, कारण ती खात्यात कुणाला तरी सांगेल अशी बाबांना भीती होती.

त्या दहा मिनिटांत मी तिपाईशेजारी फरशीवर बसून पाव खायचे. रिसीव्हरमधून बारीक गुणगुण यायची, थोड्या वेळाने ती बदलायची, मग गप्प व्हायची. त्या गुणगुणीच्या पलीकडे कुठेतरी बाबा कान लावून आहेत हे मला ठाऊक असायचं. एकदाच मी विसरले. मैत्रिणीने दिलेलं पुस्तक उघडून बसले आणि घड्याळ पाहिलंच नाही. फोन वाजला, सवयीने मी तो उचललाही नाही. वीस मिनिटांनी बाबा दारात, सायकल खाली तशीच आडवी टाकलेली, कमरेचा पट्टा अजून बांधलेला. माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, माठातलं पाणी प्यायले आणि परत गेले. बोलले काही नाहीत. रागावले असते तर मी विसरून गेले असते.

शाळा संपल्यावर लांब सुट्टी लागली, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. गावाबाहेर एक जुनी दगडाची खाण होती, पाण्याने भरलेली. सगळे तिला तळं म्हणत. आमच्या जन्माआधी तिथे दोघं बुडाले होते, त्यामुळे तिकडे जायचं नाही हे कुणी सांगायचीही गरज नव्हती. माझ्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीला पोहता येत होतं आणि ती आम्हाला शिकवायला तयार होती, मंगळवारी आणि शुक्रवारी, तीन ते पाच. साडेचारचा नेम सुट्टीतही चालूच होता, त्यामुळे मी काय केलं ते एव्हाना लक्षात आलं असेल. निघताना अडीचलाच रिसीव्हर काढून ठेवला. शेजारच्यांना गुणगुण ऐकू जाऊ नये म्हणून खाली उशी घातली.

ती सुट्टी माझ्या आयुष्यातली पहिली अशी गोष्ट होती, जी फक्त माझी होती. पुढे मी नोकरी केली, लग्न केलं, घर सोडलं, पण स्वतःच्या मर्जीने काही करणं म्हणजे काय ते मला त्या गार पाण्यात कळलं होतं. पाठीवर तरंगताना कान पाण्याखाली जातात आणि सगळ्या गावाचा आवाज बंद होतो. आज मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नाही, असं त्या क्षणी वाटायचं, आणि ते भीतीचं नसून सुखाचं होतं. नंतर कितीतरी वर्षं काही अवघड करायची वेळ आली की मी मनाने त्या पाण्यात जाऊन यायचे. घरी येईपर्यंत केस अर्धवट वाळलेले असायचे. बाबा म्हणायचे, डोकं नीट पूस, सर्दी होईल. बस्स. मला वाटायचं, भाबडे आहेत बिचारे.

हे सगळं मी खारूला कधी सांगितलं नव्हतं. आई झाल्यावर अशा गोष्टी आपण सांगत नाही.

बाबांना जाऊन दोन महिने झाले असतील. खारू दर बुधवारी शाळेतून थेट वाचनालयात जायची, चार ते सात. ठिपका तसं सांगायचा. वाचनालयाची इमारत लांबलचक आहे, आणि तो ठिपका अर्ध्या तासाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकायचा, थांबायचा, पुन्हा परतायचा. पोरगी कपाटा-कपाटांतून हिंडतेय, पुस्तकं काढून बघतेय, या विचाराने माझा ऊर भरून यायचा. नवऱ्याचा रविवारी फोन आला तेव्हा मी त्याला अभिमानाने सांगितलंही, की लेक माझ्यावर गेली. तो म्हणाला, हो का, मग सांभाळ.

एका बुधवारी ऑफिसातून लवकर सुटले, म्हणून तिला घ्यायला वाचनालयात गेले. खारू कुठेच नव्हती. शेवटच्या टेबलाशी तिची मैत्रीण बसली होती, जाड भिंगांची, जिला खारू घुबड म्हणते. तिच्यासमोर एक वही आणि दोन फोन. दुसरा फोन मी ओळखला. मला बघून घुबडाने उभं राहायचा प्रयत्न केला आणि खुर्ची पाडली.

"काकू, मला यात धरू नका," ती कुजबुजली. "मी फक्त चालते."

तेवढंच तिचं काम होतं. ठिपका एकाच जागी थिजला तर संशय येतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने ती खारूचा फोन खिशात घालून इतिहासाच्या कपाटापासून विज्ञानाच्या कपाटापर्यंत चालून यायची. माझी लेक पुस्तकांतून हिंडत होती ती ही. खारू कुठे असते हे तिलाही माहीत नव्हतं. खारूने सांगितलं नव्हतं आणि हिने विचारलं नव्हतं. माहीत नसलं की खोटं बोलावं लागत नाही, एवढं शहाणपण दोघींकडे होतं. सातला खारू येते, एवढं मात्र नक्की, असं ती म्हणाली.

मी तिथेच थांबायला हवं होतं. मी फोन उचलला, घरी आले, जेवणाच्या टेबलावर खारूच्या खुर्चीसमोर तो ठेवला आणि समोर बसले.

खारू सव्वासातला आली. घुबडाने वाचनालयातच तिला सगळं सांगितलेलं असणार, कारण ती दारातून आली तीच तयारीने. मी विचारलं, कुठे होतीस. ती म्हणाली, चोरी नाही केली कुठे. मी म्हटलं, मी तसं विचारलंच नाही, मी विचारलं कुठे. माझा आवाज चढला नव्हता, पण त्यात जे होतं ते तिला ऐकू आलं. तिने फोन उचलला नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा घरी आले की काढायचं असं ठरलं होतं," ती म्हणाली. "आई, ते येणार नाहीयेत."

त्यानंतर आमच्यात अकरा दिवस बोलणं झालं ते दूध संपलंय, उद्या चाचणी आहे, किल्ली ठेवून जा, एवढंच. ती शाळेतून सरळ घरी यायची, बुधवारीसुद्धा. ठिपका घरातच असायचा, दोन भिंतींपलीकडे. मी तो तरीही बघायचे. आणि दर वेळी वाटायचं की ही पोरगी आता जी हातातून चाललीय ती परत यायची नाही; अठरा वर्षांची होईल, निघून जाईल, आणि रविवारी फोनवर मला हवामान सांगेल.

बाराव्या दिवशी जॉइंटरकाका आले.

जमिनीखालच्या केबलमधल्या बारीक तारा एकेक करून जोडणारा तो जॉइंटर. तीस वर्षं बाबा वर आणि काका खाली अशी त्यांची जोडी होती. बाबा गेले तेव्हा ते स्वतःच मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधून बसले होते, म्हणून आता आले. खारूने चहा केला, त्यांना दिला आणि आत न जाता दाराशी टेकून उभी राहिली. काकांनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि मला म्हणाले, "अगदी तुझ्यासारखी उभी राहते गं. पोहायला येतं का हिला?"

मी विचारलं, पोहायला का.

ते बशीत चहा ओतता ओतता थांबले. मग स्वतःशीच मान हलवली. "तो नाही आता. सांगितलं तर काय करणार आहे माझं?"

आणि त्यांनी सांगितलं. रिसीव्हर तासन् तास बाजूला राहिला की एक्स्चेंजमध्ये त्या लाईनचा लाल दिवा लागून राहतो, आणि मग ती लाईन बिघाडाच्या यादीत जाते. हे मला सुचलं नव्हतं. लाईनमनच्या मुलीला सुचायला हवं होतं. पहिल्याच मंगळवारी एक्स्चेंजच्या बाईंनी तक्रारीची चिठ्ठी बाबांच्या हातात दिली आणि हसून म्हणाल्या, घरचंच काम आहे, लवकर करा. दोघं घरी आले. पॅसेजमध्ये उशीवर रिसीव्हर झोपवलेला.

"मी तो जागेवर ठेवायला वाकलो, तर यानं माझा हात धरला," काका म्हणाले. "म्हणाला, राहू दे. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, टॉवेल घेऊन सायकलवर गेली. टॉवेल म्हटल्यावर तुझ्या बापाचं तोंड पांढरं झालं. आम्ही शिडी खांद्यावर टाकून जे निघालो ते तळ्यावर. मला वाटलं, आता ओरडणार, कानाला धरून बाहेर काढणार. तर हा बाबा तळ्याकाठच्या खांबावर चढला. त्या खांबावर काही काम नव्हतं हं. मी खाली शिडी धरून उभा. वरून म्हणतो, डोकं वर आहे. म्हटलं, मग उतर. दहा मिनिटांनी पुन्हा, अजून वर आहे. असा तास काढला त्यानं."

दाराकडून एक आवाज आला. खारूने तोंडावर हात दाबला होता. अकरा दिवसांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं.

"आणि साडेचार वाजले," काका तिच्याकडे वळून सांगू लागले, "तर तुझा आजोबा काय करतो? डबी उघडली, क्लिपा लावल्या आणि घरी फोन लावला. पोरगी समोर पाण्यात, आणि हा घरी फोन लावतोय. म्हटलं, अरे वेड्या, तिथे आहे कोण? तर तोंडावर बोट ठेवून ऐकत बसला. मग म्हणाला, एंगेज आहे. आणि उतरला."

"मग कशाला लावला?" खारूने विचारलं.

"तेच मी विचारलं. म्हणाला, काढून ठेवलाय तिने. निघायच्या घाईत माझी आठवण ठेवली." काकांनी बशी खाली ठेवली. "मग पुढची सगळी सुट्टी, मंगळवार आणि शुक्रवार. त्या खांबावर इतके बिघाड निघाले की साहेब म्हणाला, खांबच बदलून टाकू. एक्स्चेंजच्या बाईंनी तुमच्या दिव्याखाली पाटी अडकवून ठेवली होती, काम चालू आहे. ते काम म्हणजे तू."

मी तो रस्ता आठवायचा प्रयत्न करत होते. पायवाट आठवली, खाणीची पिवळी भिंत आठवली, ओले कपडे वाळत घातलेला दगड आठवला. तिथे खांब होते हेच मला आठवेना. मान वर करून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. जगात कुणालाच माहीत नाही, असं म्हणत मी पाण्यावर तरंगत होते आणि वीस फुटांवर माझा बाप पट्टा बांधून बसला होता. माझ्या मालकीचं जे एकमेव होतं त्यात तो आधीच येऊन बसलेला होता. काका बोलत होते, खारू त्यांना खोदून खोदून विचारत होती, आणि मी मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत होते, ज्याच्याशी आता भांडता येणार नव्हतं. मग हळूहळू दुसरं काही उमगत गेलं. खांब उन्हात तापलेला असायचा. तासभर. आणि संध्याकाळी घरी येऊन तो माणूस फक्त डोकं पूस म्हणायचा. तीस वर्षांत, मी चाळिशी ओलांडेपर्यंत, दवाखान्यातल्या त्या महिनाभरात, एकदाही त्याने ती सुट्टी माझ्याकडून परत घेतली नाही. तिचा सुगावा लागलाय हेसुद्धा कळू दिलं नाही. मी अकरा दिवसांपूर्वी फोन टेबलावर मांडून बसले होते.

काकांना रिक्षात बसवून आम्ही दोघी वर आलो. खारू कप विसळायला लागली, मी पुसायला.

"तुला पोहता येतं?"

"यायचं."

"खोटारडी," ती म्हणाली, पण नळाच्या आवाजात, आणि हसत. मग हसणं थांबलं. "आजोबांनी तुला पकडलं नाही."

"नाही."

"तू मला पकडलंस."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तिने नळ बंद केला. मी फोन तिच्यापुढे केला आणि म्हटलं, काढून टाक. तिने ओले हात मागे घेतले. "घातलं मी होतं. काढ तू." मग ती माझ्या खांद्यावरून सांगत गेली आणि मी दाबत गेले. ते अ‍ॅप सहजासहजी जाईना. तुमचं मूल यापुढे नकाशावर दिसणार नाही, असं त्याने दोनदा बजावलं. खात्री आहे का, असं तिसऱ्यांदा विचारलं. खात्री नव्हती. मी हो दाबलं.

बुधवारी कुठे जाते ते सांगू का, असं खारूने विचारलं. तिच्या आवाजावरून कळत होतं की हे ती माझ्यासाठी करतेय. मी तिला विचारलं, पाण्यात नाही ना? नाही. कुणी त्रास देत नाही ना? "नाही गं आई." तुला सांगावंसं वाटतंय का? तिने खरंच विचार केला, ओठ मुडपून, आणि म्हणाली, "आत्ता नाही."

"मग राहू दे."

पुढच्या बुधवारी मी ऑफिसात एका हस्तलिखिताचं एकच पान चार वाजल्यापासून वाचत होते. अंगठा फोनवर जुन्या जागी जायचा. अ‍ॅप गेल्यावर बाकीची चित्रं एकेक घर सरकली होती आणि त्या जागी आता टॉर्च आली होती. पाच ते सहाच्या दरम्यान मी ती भर उजेडात पाच वेळा लावली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काही शोधताय का. मी म्हटलं, नाही, सवय.

घरी आले. सात वाजले. सव्वासात झाले. फोन हातात घेऊन दोनदा खाली ठेवला. साडेसातला खिडकीत गेले, रस्त्यावरून तिच्या उंचीच्या चार मुली गेल्या. बाबांना निदान ती दिसत तरी होती, हे मनात आलं आणि त्यांचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो हे मला माहीत नव्हतं. पावणेआठला जिन्यात बूट वाजले.

खारूच्या केसांना धूळ होती आणि कोपराला कसला तरी पांढरा रंग. मी ते पाहिलं आणि ताटं घेतली. ती हात धुऊन आली, बसली, चार घास खाल्ले.

"फोन नाही केलास," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटलं करशील. मी सारखी बघत होते."

मी तिला वाढलं. ती बराच वेळ मान खाली घालून जेवत राहिली. मग, ताटातून नजर वर न उचलता, म्हणाली, "पुढच्या बुधवारी उशीर होईल. आठ. फार तर सव्वाआठ."

"बरं," मी म्हटलं. "जेवायची थांबते."

"थांब," ती म्हणाली, आणि पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.